नूतनबाईची कढई

मित्रांनो, माझ्या डाव्या अंगाला एक खोल पोचा आहे. त्याच्या आजूबाजूला लहान पोचे आहेत. ते घणाचे आहेत. ज्या माणसाने मला घणाने मारलं, तोच माणूस आता काम संपलं की मला पुसून पालथी घालतो, पाणी साचून गंज चढू नये म्हणून. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. लग्नाच्या जेवणाची नव्हे. माझ्यात कापसाची वाळलेली झाडं जळतात. आमच्याकडे त्यांना पऱ्हाटी म्हणतात. माझ्यात पऱ्हाटीची राख होत नाही, कोळसा होतो. त्यासाठीच मला बनवलं. त्याच कोळशाने एक घर जाळलं. दोन्ही गोष्टी मी तुम्हाला सांगणार आहे.

आधी मी पाण्याची टाकी होते. रस्त्याच्या कामावर ट्रॅक्टरमागे फिरायची. सडले तेव्हा मला वरोऱ्याच्या भंगारात टाकलं. तिथून लच्छू नावाच्या वेल्डरने मला उचललं. त्याने माझ्यावर गॅसची निळी ज्योत धरली. माझं अंग लाल झालं, मग पांढरं झालं, मग गळून खाली पडलं. जे उरलं ते त्याने घणाने ठोकून वाकवलं. वर रुंद केलं, खाली निमुळतं केलं. लोखंडाला मार खाल्ल्याशिवाय आकार येत नाही. शेवटी त्याने माझ्या तळाला एक नळी बसवली.

मला न्यायला नूतनबाई आली होती. तिचा नवरा बिरजू बैलबंडी घेऊन सोबत होता. लच्छूने नळीवर बोट ठेवलं.

"बाई, याद ठेवजा. कोळसा विझवाचा तं पानी या नळीतून खालून चढवाचं. वरून टाकसान तं वर-वर विझन. पोटात जित्ता राहीन."

"म्हंजे माह्या नवऱ्यावानी," नूतन म्हणाली. "वरून थंडा दिसते, पोटात जळत राह्यते."

बिरजू बैलांचा कासरा सोडत होता. तो म्हणाला, "पाह्य बावा लच्छू. तुह्या दुकानात येऊन माही इज्जत काढून राह्यली."

लच्छू हसला. मला बंडीत चढवलं.

त्यांचं गाव वरोऱ्याच्या पूर्वेला, जंगलाला लागून आहे. एका बाजूला कापसाची आणि सोयाबीनची वावरं, दुसऱ्या बाजूला सागाचं जंगल. जंगलात वाघ आहेत. ते वावरातही येतात. उभ्या पऱ्हाटीत वाघ बसला तर शेजारून जाणाऱ्यालाही दिसत नाही.

नूतनच्या आईला वाघानेच मारलं होतं. ती चुलीसाठी काड्या आणायला बायकांसोबत जंगलात गेली होती. वाघाने मागून मान धरली. बायका ओरडल्या, त्यांनी दगड मारले, पण त्याने तिला ओढत नेलं. लोकांना ती सापडली तेव्हा अर्धीच सापडली. तिची मोळी मात्र वाटेवर पडलेली होती, नीट बांधलेली. नूतनने ती मोळी घरी नेली नाही, चुलीत घातली नाही. आईच्या मैताच्या लाकडांत दिली.

तेव्हापासून नूतनने एकच गोष्ट धरली होती. तिची मुलगी करिष्मा काड्यांसाठी जंगलात जाणार नाही. कधीच नाही.

आता तुम्ही विचाराल, वावरात एवढी पऱ्हाटी असताना बायका जंगलात का जातात? पऱ्हाटी चुलीत भसकन जळून जाते. डोळे सुजतील एवढा धूर करते. पावसाळा लागला की उरलेलीला उधई, म्हणजे वाळवी, खाते. म्हणून थोडी कुंपणाला ठेवतात, थोडी चुलीला ठेवतात. बाकीची उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग करतात आणि काडी लावतात.

तो जाळ मी पाहिला आहे. वारा असला की तो माणसाच्या डोक्यावरून जातो. ढिगाखाली ससे असतात, तितराची पिल्लं असतात, साप असतात. ससा पेटलेल्या अंगाने पळतो आणि ज्या ढिगात शिरतो तोही ढीग पेटतो. गावावर धूर बसतो. म्हातारी माणसं खोकून खोकून रक्त टाकतात. आणि त्याच वेळी त्याच धुरातून बायका दोर घेऊन जंगलाकडे निघालेल्या असतात.

नूतनने बचत गटाच्या बायकांना माझ्याभोवती बसवलं आणि म्हटलं, "पाहा व. वावरात इस्तो लावतो आन् चुलीसाठी जंगलात जाऊन मरतो. आपल्यावानी शाने लोक कुठी भेटन?"

"तू पह्यले तं करून दाखव," कलाबाई म्हणाली. कलाबाई त्या गटातली सगळ्यात म्हातारी. तिला नवं काही लवकर पटत नसे. "लोखंडाची कढई पाहून पोट नाई भरत."

नूतनने करून दाखवलं. विहिरीजवळ, त्यांच्या वावराच्या कडेला मला ठेवलं. तळाशी थोडी बारीक पऱ्हाटी पेटवली. ती लाल झाली की वर दुसरा थर टाकला. मित्रांनो, यात जादू काही नाही. वरचा जाळ सगळी हवा खातो. खालच्या थराला हवा मिळत नाही, म्हणून तो जळून राख होत नाही. कोळसा होऊन राहतो. धूरही वरच्या जाळात जळून जातो. थरावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाकायचा. असं करत करत मी काठोकाठ भरते. मग नळीने पाणी चढवायचं. पाणी खालून वर येतं तेव्हा मी किंचाळते. वाफेचा लोट उठतो आणि माझं अंग तडतडतं. मला ते सोसतं. पाणी काठावर आलं की कोळसा पुरता मेला असं समजायचं.

त्या कोळशाचा चुरा करून त्यात शेण आणि भाताची पेज कालवायची आणि गोळे वळून उन्हात वाळवायचे. एका गोळ्यावर डाळ शिजायची. धूर नाही, उधई नाही. पावसाळाभर ते घराच्या कोपऱ्यात राहायचे. उरलेला चुरा शेणखतात मिसळून वावरात जायचा. हिशेब साधा होता. पऱ्हाटी फुकट, पाणी विहिरीचं, हात बायकांचे. पहिल्या वर्षी कलाबाईने गोळ्यावर भाकर भाजली, तव्यावरून उचलून खालून-वरून पाहिली आणि म्हणाली, "जळली नाई. म्हंजे चालते."

पुढच्या उन्हाळ्यात गावातली बहुतेक पऱ्हाटी माझ्यात येऊ लागली. जंगलाच्या वाटेवर गवत उगवलं. एकदा पाहुणे आले, त्यांनी मला झेंडूचा हार घातला आणि माझ्यासोबत फोटो काढले. हार दुसऱ्या दिवशी माझ्यातच जळाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला बायकांचं बोलणं आवडायचं. त्या माझ्या उबेला बसून एकमेकींच्या सासवांची नक्कल करायच्या.

मग प्रफुल आला.

प्रफुल चंद्रपूरहून पिकअप घेऊन यायचा. तो एका कंपनीसाठी कोळसा विकत घ्यायचा. पोरगा वाईट नव्हता. आल्याबरोबर सगळ्यांना पाणी पिऊन झालं का म्हणून विचारायचा. तो म्हणाला, "काकू, हा कोळसा मातीत गाडला की शेकडो वर्षं तसाच राहतो. त्याचा धूर होत नाही. तो धूर हवेत गेला नाही, याचे पैसे बाहेर देशातले लोक देतात."

"न गेलेल्या धुराचे पैसे?" नूतनने विचारलं.

"हो, काकू."

"मंग माही पोट्टी जंगलात नाई गेली. त्याचे देते का कोनी?"

बायका हसल्या. प्रफुलही हसला. तो म्हणाला, "ते मोजायचा काटा अजून निघाला नाही, काकू."

बिरजू हसला नाही. तो पिकअपकडे पाहत होता. करिष्माला चंद्रपूरला नर्सिंग शिकायचं होतं. आजवर पेटवून दिली जाणारी पऱ्हाटी आता पैसे देणार होती. त्याची काय चूक होती? त्याने पहिल्यांदा निम्मा कोळसा विकला. भाव बरा आला. मग सगळा विकू लागला. इतरांनीही तेच केलं. चुलीचे गोळे बंद झाले. पैशातून सिलेंडर येऊ लागले. सिलेंडर संपला की दुसरा लगेच आणणं जमायचं नाही, तेव्हा बायका पुन्हा दोर घेऊन निघू लागल्या. जंगलाच्या वाटेवरचं गवत मोडलं.

करिष्मा मात्र गेली नाही. नूतन रोज थोडा चुरा लपवून ठेवायची आणि आपल्या चुलीपुरते गोळे वळायची.

कंपनीचा एक नियम होता. ओला कोळसा वजनाला जड होतो, म्हणून कोळसा ओला निघाला की काट्यावर वजन कापायचं. प्रफुल मूठभर कोळसा घेऊन दाबायचा. तळहात ओला झाला की कापणी. नियमात वावगं काही नव्हतं. पण नळीने पाणी चढवलं की कोळसा सुकायला बरेच दिवस लागतात. गावातल्या एकेकाने पाणी कमी करायला सुरुवात केली.

एप्रिलमध्ये एके दिवशी मी काठोकाठ भरले होते. नूतनने नळीला पाइप लावायला घेतला. बिरजूने तो तिच्या हातातून घेतला.

"ऱ्हाऊ दे. वरून शिपडतो आन् माती टाकतो."

"लच्छूनं काय सांगतलं होतं?"

"लच्छूले काय जाते सांगाले. त्याले कोळसा इकाचा हाये का?"

"खालून चढवा, करिष्माचे बाबा."

"खालून चढवलं का सुकत नाई. सुकला नाई का तो कापते."

"कापू द्या."

"कापू द्या म्हनते. माहा घाम कापते तो."

"मंग माहा काय हाये? मी इथी तमाशा पाहाले उभी हावो का?"

बिरजूने पाइप खाली टाकला. त्याने वरून बादल्यांनी पाणी मारलं आणि फावड्याने माती टाकली. नूतन पाइप गुंडाळत राहिली. गुंडाळून झाल्यावर ती म्हणाली, "बैलाले पानी तरी खालून पाजजा. त्याच्या पाठीवर नका टाकू." बिरजूला हसू आलं. त्या दोघांचं भांडण असंच मिटायचं.

मला आतून माहीत होतं की तळाशी काय आहे. पण कढईला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वरचा कोळसा हाताला थंड लागला. बिरजूने तो खताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरला. तळाचा कोळसा शेवटी भरला, तोवर दुपारचं ऊन होतं. सगळंच गरम लागत होतं, त्यामुळे फरक कळला नाही. मग आभाळ आलं. पोती भिजली तर कापणी झाली असती. म्हणून ती घरात न्यावी लागली. घरात कोरडी खोली एकच होती, कापसाची.

आमच्या भागात लोक भाव चढण्याची वाट पाहत कापूस घरातच ठेवतात. खोली भरून छतापर्यंत. पाहुणा आला तर त्यावरच झोपतो. कापसात इस्तो, म्हणजे विस्तव, नेऊ नये, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. कापसाच्या खोलीत कोणी बिडीसुद्धा ओढत नाही. पण कोळसा हा इस्तो आहे असं कोणाला वाटलं नाही. तो थंड होता, काळा होता, पोत्यात होता. तो माल होता.

पाऊस आला नाही. नुसता वारा आला, आणि तो दुसऱ्या दिवशीही सुटलेलाच होता.

करिष्मा कॉलेजला वरोऱ्याला गेली होती. बिरजू माझ्याजवळ पऱ्हाटी मोडत होता. नूतन अंगणात गोळे वळत होती. त्यांचं घर गावाच्या टोकाला, बंडीवाटेच्या पलीकडे आहे. ते मला दिसतं. अंगणात तिच्यासोबत कलाबाई होती, म्हणून पुढचं सगळं तिच्या तोंडून मला कळलं. नूतनला वास आला. तिने खोलीत डोकावलं. एका पोत्यातून धूर निघत होता. एकच पोतं आहे, ओढून बाहेर काढू, असं तिला वाटलं. कोणालाही असंच वाटलं असतं. पोत्याचं प्लॅस्टिक खालून वितळलं होतं. तिने पोत्याचा कान, म्हणजे वरचा कोपरा, धरून ओढताच बूड फाटलं आणि लाल कोळसा कापसावर सांडला.

मित्रांनो, कापसावरून जाळ पळतो. पाऊल मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. ढीग ढासळला आणि दारासमोर आला.

मी धूर पाहिला. बिरजूने पाहिला आणि तो पळाला. मग छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फुटल्याचे आवाज आले. तापले की कवेलू फटाक्यासारखे फुटतात आणि त्यांचे तुकडे उडून माणसांना लागतात. त्यातलाच एक तुकडा कलाबाईच्या कपाळाला लागला. बिरजू दारात शिरला. लोकांनी त्याला कमरेला धरून ओढलं, तो पुन्हा शिरला, पुन्हा ओढलं. त्याच्या दोन्ही हातांची कातडी मोज्यासारखी निघाली.

नूतनला बाहेर काढलं तेव्हा तिच्या मुठीत पोत्याचा कान होता. मूठ उघडत नव्हती. तशीच ठेवली.

प्रफुलला काहीच माहीत नव्हतं. मैत होऊन एकच दिवस झाला होता आणि तो पिकअप घेऊन ठरल्याप्रमाणे आला. लोकांनी त्याला खाली ओढलं. आधी काच फोडली, मग त्याला. लाथांनी, चपलांनी, पऱ्हाटीच्या काठ्यांनी मारलं. त्याचं नाक मोडलं, दात तुटला. तो मातीत पडून एकच बोलत होता, "मी कोरडा म्हनलं होतं. गरम आना नाई म्हनलं होतं, दादा. गरम नाई म्हनलं."

बिरजूने कोणाला थांबवलं नाही आणि स्वतः हातही लावला नाही. तो तिथून निघाला आणि माझ्याकडे आला.

त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. तशा हातांनी त्याने घण उचलला आणि माझ्या अंगावर घातला. मी वाजले. माझा आवाज गावभर गेला. "पोटात जित्ता ठेवते," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा घातला. "पोटात जित्ता ठेवते." पट्ट्या लाल झाल्या. घणाचा दांडा लाल झाला. खोल पोचा पडला तरी तो थांबला नाही. हात उचलेनासे झाले तेव्हा थांबला. मग त्याने बैल जुंपले, मला साखळीने बांधून ओढत नेलं आणि जंगलाच्या वाटेवरच्या नाल्यात लोटून दिलं.

मी तिथे कलती पडून राहिले. पावसाळ्यात गाळ भरला. नळी बुजली. माझ्या पोटात बेडकं राहिली आणि त्यांना खायला एक धामण आली. मला राग नव्हता. ज्याची बायको जळाली त्याने कढईला मारलं तर कढईने काय म्हणावं?

पुढच्या वर्षी गावात कोळशाचं कोणी नाव काढेना. पुन्हा धुऱ्यावर ढीग लागले आणि पुन्हा पेटले. एक जाळ वाऱ्याने धुरा ओलांडून गोठ्यावर गेला. आत बांधलेलं वासरू होतं. त्याचा आवाज नाल्यापर्यंत आला, आणि मग बंद झाला. तोच जाळ पुढे जंगलाच्या कडेला लागला. डुकरं पेटलेल्या गवतातून गावात शिरली आणि त्यांनी एका म्हाताऱ्याची मांडी फाडली. वाघही आपली जागा सोडून नाल्याकडे सरकले.

आणि करिष्मा काड्यांना जाऊ लागली.

तिने कॉलेज सोडलं होतं. बापाचे हात नीट मुडपत नव्हते. त्याला भाकर मोडून द्यावी लागायची. घरात चूल पेटायची. काड्या कुठून येतात हे बिरजूने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला उत्तर ऐकावं लागलं असतं.

बायका माझ्या शेजारूनच जायच्या. येताना मोळ्या टेकवून माझ्याजवळ दम घ्यायच्या.

"तुह्या बाबाले म्हन, कढई काढ," कलाबाई एकदा म्हणाली.

"तुमी म्हना ना, आजी."

"मी म्हनतो तं माह्याच डोक्यात घन घालन तो."

"मंग मले काऊन सांगता?"

"तुह्या डोक्यात नाई घालनार. तू नूतनवानी दिसतं."

 करिष्माने हात माझ्या पोच्यावर ठेवला होता. तिने विचारलं, "आजी, आई ओरडली होती का?"

"नाई व," कलाबाई म्हणाली. "तिनं मले म्हनलं, तू बाहेर हो. तेवढंच."

त्या आणखी काही बोलल्या असत्या, पण करिष्मा उठली आणि मोळी डोक्यावर घ्यायला वाकली. तेव्हाच रायमुनियाच्या झुडपातून वाघ आला.

वाघ डरकाळी फोडत येत नाही, मित्रांनो. मी एवढ्या जवळून पाहिलं, मला फक्त झुडूप हललेलं कळलं. मोळी वर उचलली होती म्हणून मान वाचली. दात उजव्या खांद्यात बसले. तो तिला घेऊन नाल्यात कोसळला आणि दोघं माझ्या अंगावर आदळली. तिचं रक्त माझ्या काठावरून आत वाहिलं. वाघाचा श्वास मला लागला. तो तिला झटके देत होता आणि हाड मोडल्याचा आवाज आला.

बाकीच्या बायका ओरडत मागे सरल्या. कलाबाई पुढे आली. तिने आधी विळा फेकला, तो चुकला. मग तिने दोन्ही हातांनी एक धोंडा उचलला आणि वाघाला न मारता मला मारला. का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मी वाजले. पुन्हा मारला, पुन्हा वाजले. वाघाच्या कानाजवळ लोखंड दणाणलं. त्याने तोंड सोडलं, मागे झाला आणि गुरगुरत उभा राहिला. तो गेला नाही. कलाबाई धोंडा आपटतच राहिली.

बिरजू वावरात होता. तो आवाज त्याने ओळखला. त्या आवाजाची घंटा त्या गावात दुसरी नव्हती. तो कुऱ्हाड घेऊन धावत आला, नाल्यात उडी टाकली आणि पोरीच्या व वाघाच्या मध्ये उभा राहिला. त्याच्या हातात कुऱ्हाड नीट धरवत नव्हती. त्याने पात्याची बोथट बाजू माझ्यावर आपटायला सुरुवात केली. वर बायका आपटत होत्या दगडांवर दगड, खाली तो. वाघाने त्याच्याकडे बघितलं. मग तो वळला आणि चालत गेला. पळालासुद्धा नाही.

बिरजूने करिष्माला उचललं. ती शुद्धीवर होती. ती म्हणाली, "बाबा, मी रोज नाई येत. आजच आलतो."

"चूप ऱ्हाय," तो म्हणाला. "मले माहीत हाये."

ती वाचली. चंद्रपूरच्या दवाखान्यात बरेच दिवस होती. ती परत आली त्याच आठवड्यात बिरजू बैल घेऊन नाल्यात उतरला. त्याने फावड्याने गाळ काढला. धामणीला काठीने बाजूला केलं, मारलं नाही. माझ्या काठावर वाळलेलं रक्त होतं. ते तो बराच वेळ घासत होता.

लच्छू वरोऱ्याहून आला. त्याने नळी साफ करून दिली. पोचा पाहून म्हणाला, "ठोकून काढू का, भाऊ?"

"ऱ्हाऊ दे," बिरजू म्हणाला.

प्रफुललाही त्यानेच फोन करून बोलावलं. प्रफुल गावाबाहेरच पिकअप थांबवून चालत आला. त्याचं नाक वाकडं झालं होतं. दोघं माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. बिरजू म्हणाला, "पह्यले गावातल्या चुली. मंग उरन तो तुह्या गाडीत. आन् ओला देईन. कापाचं तेवढं काप."

"नाही कापत, काका," प्रफुल म्हणाला. "ऑफिसात भांडलो मी. आता माल ओलाच घेतो. सुकवून मग मोजतो."

"हे पह्यले काऊन नाई केलं?"

प्रफुलने आपल्या वाकड्या नाकाला हात लावला.   मग बिरजूने विचारलं, "नाकानं श्वास येते का?"

"एका बाजूनं येतो, काका."

"बस. गोळ्यावर चहा ठेवला हाये."

मित्रांनो, मी आता पुन्हा कामावर आहे. तुमच्या गावात, शेतात, घरात माझ्यासारखी कढई असेल किंवा दुसरी कोणतीही वस्तू असेल जिच्या पोटात इस्तो जातो, तर तिला घाई करू नका. पाणी वाचवू नका. ती वरून काय दिसते त्यावर जाऊ नका. चार पैसे जास्त मिळतील म्हणून जे पोटातलं विझवायचं राहतं, ते पुढे कोणाच्या घरात जाऊन पेटेल ते कोणालाच सांगता येत नाही. आणि जे वावरात जाळून टाकता ते आधी चुलीला द्या. काड्यांसाठी कोणाची आई जंगलात पाठवू नका.

करिष्माचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तिला आता मोळी डोक्यावर घेता येणार नाही, आणि घ्यावीही लागत नाही. या वर्षी तिने पुन्हा कॉलेजात नाव घातलं आहे. सकाळी जाण्याआधी तिचं एक काम ठरलेलं असतं.

बिरजूच्या जळालेल्या हातांना गरम आणि थंड यांतला फरक कळत नाही. तो माझ्या काठाशी उभा राहतो आणि हाक मारतो. करिष्मा येते, बाही वर करते आणि डावा हात आदल्या दिवशी विझवलेल्या कोळशात खुपसते, कोपरापर्यंत.

"थंडा हाये, बाबा."

"तळाशी पाह्य."

ती आणखी वाकते. तिचा गाल माझ्या पोच्याला लागतो.

"तळाशी पन थंडा हाये."

"बराबर पाह्यलं?"

"पाह्यलं."

तो मान हलवतो आणि तरीही नळीला पुन्हा पाइप लावतो.